‘नाव वाचलं असतं तर चूक झालीच नसती’: त्या मेसेजला एका भूलतज्ज्ञाचं उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला पाच ग्रुपांवरून आला. मजकूर थोडक्यात असा: ऑपरेशनच्या टेबलावर चुकीचं इंजेक्शन फक्त निष्काळजी डॉक्टर देतात. मोठ्या हॉस्पिटलात असं होत नाही. अँप्यूलवरचं, म्हणजे औषधाच्या काचेच्या कुपीवरचं, नाव वाचलं की चूक होणं शक्यच नाही. दोन-चार जणांना आत टाका, सगळे सुधारतील.

मी २१ वर्षं भूल देते आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांचा राग मला कळतो, त्यात कुणाचं तरी माणूस गेलेलं असतं. पण यातली चारही वाक्यं चुकीची आहेत, आणि ती खरी मानली तर पुढच्या रुग्णाचा धोका वाढतो.

आधी पहिली दोन. न्यूझीलंडमध्ये भूलतज्ज्ञांना प्रत्येक केसनंतर निनावी फॉर्म भरायला सांगितलं होतं: औषधात चूक झाली का? २००१ साली आकडा छापून आला, दर १३३ भुलींमागे एक. हे डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलेलं. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये तर निरीक्षक थिएटरमध्येच बसले. २७७ ऑपरेशनं पाहिली, त्यांत ३,६७१ वेळा औषध दिलं गेलं. २०१६ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालानुसार त्यातल्या सुमारे ५ टक्के वेळा काहीतरी चुकलं होतं किंवा औषधाचा त्रास झाला होता. लेबल नसलेली सिरिंज, कमीजास्त डोस हेही त्यांनी मोजलं होतं, म्हणून आकडा मोठा दिसतो. पण हॉस्पिटल जगातल्या नावाजलेल्यांपैकी, आणि समोर निरीक्षक बसलेले. निष्काळजीपणा एवढंच कारण असतं तर तिथे तरी हे दिसायला नको होतं.

खरं कारण कामाच्या रीतीत आहे. वॉर्डात डॉक्टर औषध लिहितो, फार्मासिस्ट देतो, सिस्टर टोचते. तीन जणांच्या नजरेखालून ते जातं. भूल देताना औषध ठरवणारी, भरणारी, पातळ करणारी आणि टोचणारी व्यक्ती एकच असते, आणि हे सगळं काही मिनिटांत होतं.

आता तिसरं, ‘नाव वाचलं की झालं’. याबद्दल मला माझ्यावर आलेली एक पहाट सांगायची आहे.

सिझेरियनची केस, तीन वाजलेले. बाळाचे ठोके घसरत होते. मी हातमोजे घालून स्पायनलची, म्हणजे पाठीतून मणक्यात द्यायच्या भुलीची, तयारी केली. सिस्टरनं अँप्यूल फोडून समोर धरली, मी नाव वाचलं, सुई आत घालून औषध ओढलं. आणि सहज नजर गेली तर अँप्यूलमध्ये उरलेलं औषध नेहमीपेक्षा जास्त दिसलं. स्पायनलमध्ये देतात त्या हेवी ब्युपिव्हाकेनची अँप्यूल ४ मिलीची असते. ही ५ मिलीची होती. दिव्याखाली धरायला सांगितली: ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड. रक्तस्राव थांबवायचं औषध. शिरेतून दिलं तर बाळंतिणीचा जीव वाचवतं, मणक्यात गेलं तर झटके येतात, हृदयाची लय बिघडते.

मी नाव वाचलं होतं, हे पुन्हा सांगते. मला ब्युपिव्हाकेन दिसलं, कारण ट्रेच्या त्या कोपऱ्यात रोज तेच असतं. साखरेच्या डब्यात कुणी मीठ भरून ठेवलं तर आपण चहात मीठच घालतो, डोळे उघडे असूनही. दोन्ही काचेच्या लहान अँप्यूल, आत पाण्यासारखं औषध, बारीक छपाई, आणि रंग ज्या त्या कंपनीच्या मर्जीचा.

ही अदलाबदल जगभर झाली आहे. २०१९ मध्ये छापलेल्या एका आढाव्यात अशा २१ घटना आहेत, त्यांतले १० रुग्ण दगावले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं यावर खास इशारा काढला. त्यात ‘नीट वाचा’ एवढंच म्हणून ते थांबले नाहीत. ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड स्पायनलच्या औषधांपासून लांब ठेवा, शक्यतो थिएटरच्या बाहेर, असं त्यांनी सांगितलं.

राहिला तुरुंग. न्यूझीलंडमध्ये १९८०च्या दशकात एका भूलतज्ज्ञानं डोक्साप्राम (श्वासाला चालना देणारं औषध) समजून डोपामिन (हृदयावर आणि रक्तदाबावर काम करणारं) दिलं, रुग्ण दगावला. ड्रॉवरमध्ये डोक्साप्रामच्या खणात कुणीतरी डोपामिन ठेवलं होतं. डॉक्टर सदोष मनुष्यवधाचा दोषी ठरला. खणात चुकीचं औषध कुणी आणि का ठेवलं, हा प्रश्न मात्र त्या निकालानं सुटला नाही. पुढे १९९७ मध्ये तिथला कायदाच बदलला, नेहमीच्या दक्षतेपासून मोठी फारकत असेल तरच गुन्हा, असा. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात फौजदारी कारवाईसाठी घोर निष्काळजीपणा हवा असं सांगितलं आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणानं रुग्ण दगावला तर डॉक्टरला २ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

दारू पिऊन भूल देणारा, रुग्ण टेबलावर सोडून निघून जाणारा, यांच्यावर खटला भराच. मी साक्षीला येईन. कुटुंबाला भरपाई मिळायलाच हवी, त्यासाठी ग्राहक न्यायालयाचा रस्ता १९९५ पासून पक्का आहे. आणि खरं काय घडलं ते त्यांना त्याच दिवशी, समोर बसवून सांगितलं गेलं पाहिजे.

पण त्या पहाटे मी काय केलं? सिरिंज फेकली, नवी अँप्यूल घेतली, बाळ रडलं, आई सुखरूप. आणि मी कुणाला काही बोलले नाही. भीती वाटली. दुसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यात त्याच दोन अँप्यूल शेजारी शेजारी होत्या, आणि टेबलाशी दुसरा भूलतज्ज्ञ उभा होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. याची लाज मला आजही वाटते.

तीन महिन्यांनी मी तोंड उघडलं. आता ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड थिएटरबाहेरच्या कपाटात असतं, लागलं की मागवायचं. सिरिंजवर रंगीत लेबलं आहेत: स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांना लाल, अफूवर्गीयांना निळं, स्थानिक भुलीच्या औषधांना राखाडी. स्पायनलची अँप्यूल फोडण्याआधी सिस्टर नाव आणि मिली मोठ्यानं वाचते, मग मी. थोडक्यात टळलेल्या चुकांसाठी एक वही ठेवली आहे, तिच्यात लिहिणाऱ्याचं नाव मागत नाही. पहिली नोंद मी केली, खाली माझी सही आहे.