जुनं घर बुक करायचं आणि जुनं आहे म्हणून रडायचं

आज दुपारी काकूंचा मेसेज आला. "खिडक्या बदलतेय गं. अ‍ॅल्युमिनियमच्या, सरकत्या. माणूस मापं घेऊन गेला." तेव्हापासून कशात लक्ष लागत नाहीये.

काकू म्हणजे ज्यांच्या शंभर वर्षं जुन्या घरात आम्ही दोन वर्षांपूर्वी तीन रात्री राहिलो, त्या. पाच खोल्या, मुक्काम आणि सकाळची न्याहारी, बस. पहिल्याच रात्री पाऊस आला आणि आमच्या खोलीची खिडकी काही लागेना. मी आपली धक्के मारतेय. काकू वर आल्या, पल्ला तळहाताने किंचित उचलला, मग ढकलला. लागली! "पावसात लाकूड फुगतं. आधी उचलायचं, मग लोटायचं."

त्याच खिडकीपायी लोकांनी एक-एक स्टार दिलाय. "खिडकी नीट लागत नाही." "जिना करकरतो." "भिंती जाड, वायफाय पोचत नाही." अरे, 'ऐतिहासिक वास्तू' वाचूनच बुकिंग केलंत ना? आणि फोटो काढायला त्याच जिन्यावर बसलात ना?

हो, लिफ्ट नाही हे गुडघेदुखीवाल्याला आधी सांगायलाच हवं. गळका नळ 'वारसा' म्हणून खपवणारे मालकही असतात, त्यांची बाजू मी घेत नाहीये.

पण काकू तशा नाहीत. कोणीतरी "भिंतीला डाग" असं लिहिलं म्हणून त्यांनी गेल्या वर्षी खालच्या खोलीत चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंट मारून घेतलं. चुना ओल शोषतो आणि सोडतो. वरून सिमेंट थापलं की ती ओल आतच कोंडते. आता तिथे पोपडे सुटलेत. मग पोपड्यांवरून पुन्हा तक्रार!

१९६४च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय सनदेत, स्पष्ट म्हटलंय, जुनी वास्तू उपयोगात राहिली तर तिचं जतन सोपं होतं, मात्र त्या उपयोगासाठी तिची रचना, तिची सजावट बदलायची नाही. स्पेनमध्ये कित्येक जुने किल्ले, मठ 'पारादोर' म्हणून मुक्कामाला खुले आहेत. त्यांच्या पाठीशी सरकार आहे. काकूंच्या पाठीशी कोण? आलेला पाहुणा. आणि तो जाताना स्टार कापून जातो.

राग येतो, पण त्याहून जास्त वाईट वाटतंय. संध्याकाळी फोन केला. म्हटलं, निदान कोपऱ्यातल्या खोलीची तरी राहू द्या. काकू जरा वेळ गप्पच होत्या. मग म्हणाल्या, "प्रत्येकाला वर जाऊन किती वेळा लावून दाखवू गं? जिना चढवत नाही आता."

यावर मला काही बोलताच आलं नाही.

तिथे राहून दोन वर्षं झाली आणि मी त्या घराबद्दल एक ओळ लिहिलेली नाही. आता लिहितेय. खिडकी कशी लावायची तेही सविस्तर लिहिणार आहे, म्हणजे काकूंना वर यावं लागणार नाही. तुमच्यापैकी जे तिथे राहून आलेत, त्यांनीही आज रात्रीच लिहा. अ‍ॅल्युमिनियमवाला सोमवारी येतोय.