भावाशी भांडायचंय? आधी नाव विजय ठेवा

हक्कसोडपत्रावर सही करायला भाऊ मागे लागलाय आणि तुम्हाला ती करायची नाहीये? मग वकील कशाला गाठता, सलीम-जावेद गाठा. घरातलं भांडण दणक्यात कसं करायचं, याचा अख्खा अभ्यासक्रम या जोडीने तीन सिनेमांत लिहून ठेवलाय: 'दीवार' (1975), 'त्रिशूल' (1978), 'शक्ती' (1982).

आधी नाव विजय ठेवा. तिन्हींत अमिताभ विजयच आहे. (रवी ठेवलंत तर पोलिसात भरती व्हावं लागेल. वयाची अट बघून घ्या.)

सहीसाठी 'दीवार' तोंडपाठ हवा. फौजदार झालेला धाकटा भाऊ रवी कबुलीजबाबावर सही मागतो. विजय सरळ नाही म्हणत नाही, तेवढा कच्चा नाही तो. ज्याने माझ्या बापाकडून सही घेतली, आधी त्याची सही आण म्हणतो. मग आईला कामावरून हाकलणाऱ्याची, मग माझ्या हातावर गोंदणाऱ्याची. तुम्हीही आधी आत्याची सही मागा, मग बांध कोरणाऱ्या चुलत्याची. सातबारा तोवर जागचा हलत नाही.

बापाला माफ करणं अभ्यासक्रमात बसत नाही. 'दीवार'मधला कामगार पुढारी बायको-पोरांचा जीव वाचवायला मालकाच्या कागदावर सही करतो, आणि पोराच्या हातावर बाप चोर असल्याचं गोंदलं जातं. 'शक्ती'त गुंड पोराला पळवून फोनवर सौदा मांडतात. पोलीस अधिकारी बाप कर्तव्य सोडत नाही, आणि पोराच्या कानावर ते पडतं. मुलांच्या जिवावर बेतल्यावर बापाने वाकावं की ताठ राहावं? लेखकांनी दोन्ही उत्तरं लिहून पाहिली आणि दोन्ही बाप नापास केले. मला विचाराल तर तिन्ही सिनेमांत एवढंच खरं जिव्हारी लागणारं आहे, बाकी फटाके.

'त्रिशूल'च्या बापाने तर आईला वाऱ्यावर सोडून दुसरीकडे लग्न लावलेलं, तिथे डोकं चालवायची गरजच नाही. त्याची टेंडरं पळवा, त्याने काढून टाकलेल्या सेक्रेटरीला कामावर घ्या. ती राखी. चार वर्षांनी हीच राखी 'शक्ती'त विजयची आई होते, अमिताभपेक्षा पाच वर्षांनी लहान असून! 'त्रिशूल'चा बाप संजीव कुमार त्याच्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठा, आणि 'दीवार'चा धाकटा शशी कपूर वयाने चक्क थोरला. तुमच्या घरात कोण कुणाचं कोण, हा घोळ त्यामानाने किरकोळ समजा.

आईच्या बाबतीत सावध राहा. ती राहायला जाणार सरळमार्गी मुलाकडे, जीव मात्र अडकलेला तुमच्यात. म्हणून बंगला, गाडी, बँक बॅलन्स ही यादी भावासमोर चुकूनही वाचू नका. तो तीन-चार शब्दांत गार करतो, आणि पुढची पन्नास वर्षं लोक टाळ्या त्यालाच वाजवतात.

शेवटी गोळी. 'दीवार'मध्ये ती भाऊ झाडतो, 'शक्ती'त बाप. 'त्रिशूल'मध्ये बापच पोरासाठी गोळी झेलतो, म्हणजे फीमध्ये सवलत मिळाल्यासारखंच. तुमचा इरादा दिवाणी दाव्याचा असेल तर मात्र या अभ्यासक्रमाचा काडीचा उपयोग नाही. तारखा तुम्हाला पडणार, वाटणी तुम्हाला हवी. यातल्या एकाही विजयने वाटणी मागितलेली नाही.