‘चेहरा पुसणं म्हणजे नासधूस’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा त्यातलं एक वाक्य बोचलं, म्हणून जरा लांबण लावतोय. तुमचं म्हणणं असं: मी स्वतःला संग्राहक म्हणवतो आणि बाहुल्यांचे मूळ चेहरे पुसून नवे रंगवतो, ही नासधूस आहे. शिवाय माझा लेख वाचून तुम्ही ॲसिटोन (नेलपॉलिश काढायचं द्रावण) वापरलंत आणि तुमच्या ब्लाइथचा, म्हणजे त्या मोठ्या डोक्याच्या, डोळे बदलणाऱ्या बाहुलीचा, गाल पांढुरका, चिकट झाला. (‘हे वयाला शोभत नाही’ असंही लिहिलंत, त्यावर वाद घालत नाही. नाहीच शोभत.)

गालाचं आधी, कारण ती चूक माझी. तो लेख बार्बीवर होता. तिचं डोकं व्हिनाइलचं, म्हणजे मऊ प्लास्टिकचं, बोटाने दाबलं की आत जातं. कापसावर ॲसिटोन घेऊन झरझर पुसलं तर कारखान्यातला रंग निघतो आणि खालचं व्हिनाइल सहसा शाबूत राहतं. ब्लाइथचा चेहरा एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकचा, आणि एबीएस ॲसिटोनमध्ये चक्क विरघळतं. मी मात्र सरसकट ‘बाहुलीचा चेहरा’ असं लिहून मोकळा झालो. लेख आता दुरुस्त केलाय. तुम्ही गालाला दोन-तीन दिवस हात लावू नका, पुरता कडक होऊ द्या. मग डोक्याचे स्क्रू काढून चेहरा सुटा करा, नाहीतर भुकटी डोळ्यांच्या यंत्रणेत जाते. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासा, 600 नंबरपासून हळूहळू 1500 पर्यंत. चेहऱ्याची चकाकी घालवायला आम्ही एरवीही असंच घासतो, त्यामुळे खड्डा खोल नसेल तर गाल सावरेल. मास्क लावा.

आता नासधूस. मीही सुरुवातीला खोकं न उघडणाऱ्यांतलाच होतो. कपाटात बंद खोक्यांची रांग, वर धूळ, आत बाहुल्या हातपाय बांधलेल्या. आपण ‘मूळ रूप’ जपतोय असं वाटायचं. पण प्लास्टिक काही थांबून राहत नाही. जुन्या व्हिनाइलमधलं मऊपणा देणारं रसायन झिरपून पाय चिकट होतात. जुन्या बार्बींच्या कानांत धातूच्या कुड्यांमुळे हिरवे डाग उमटतात. रेझिनच्या बाहुल्या उजेडाने पिवळ्या पडतात. एका खोक्यात हे असं सगळं सुरू असल्याचं दिसलं, तेव्हा मी पहिल्यांदा खोकं फाडलं.

तरीही काय पुसायचं नाही, हे मला एक बाहुली घालवून कळलं. जुन्या बाहुल्यांच्या ढिगात एकीच्या ओठांवर मळ दिसला, म्हणून चोळला. तो मळ नव्हता, फिकट झालेला मूळ रंग होता, आणि ती बाहुली नंतर मला कुठेही मिळाली नाही. ती आजही ओठांविना आहे, मुद्दाम रंगवलेली नाही.

तेव्हापासून मी एवढंच बघतो, की अशी दुसरी मिळेल का? केनर या अमेरिकी खेळणी कंपनीने 1972 मध्ये ब्लाइथ काढली आणि वर्षभरात बंद केली. त्यातली एखादी हाती आली तर मी धूळ पुसेन, बस. 2001 पासून टाकारा या जपानी कंपनीने ती पुन्हा आणली आणि नव्या ब्लाइथ येतच राहिल्या. त्यातल्या एकीचा चेहरा पुसल्याने जगाचं काय गेलं? ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या सोनिया सिंग यांनी तर टाकून दिलेल्या, भडक मेकअपच्या बाहुल्या पुसून साधे, लहान मुलीचे चेहरे रंगवले. 2015 मध्ये त्या बाहुल्या जगभर गाजल्या. त्याला मला तरी नासधूस म्हणवत नाही.

आणि पुसणं हे पाच मिनिटांचं काम. खरी कसोटी नंतर. मॅट सीलंटचा (रंग पक्का धरून ठेवणाऱ्या, चकाकी नसलेल्या लेपाचा) फवारा, त्यावर पेस्टल खडूची भुकटी ब्रशने, परत फवारा, मग रंगीत पेन्सिलीने भुवईचा एकेक केस. हवा दमट असली की सीलंटवर पांढरट साय धरते आणि सगळं पुसून पहिल्यापासून. डावी भुवई नेहमी छान जमते. उजवी तिच्या जोडीची व्हावी म्हणून मी एकदा अकरा वेळा पुसली आहे.

एका बाबतीत मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूचा: रंगवलेली बाहुली ‘मूळ’ म्हणून विकणं ही फसवणूक आहे. माझ्या प्रत्येक बाहुलीच्या डोक्याच्या आत मी तारीख आणि ‘चेहरा नवा’ असं लिहून ठेवतो.

घासून झाल्यावर गालाचा फोटो पाठवा. फार खड्डा राहिला असेल तर पुढचं सांगतो.