सायलो मास्तरांना एकच ओळ?

तुमचा ग्रुप थिअरीवरचा (सममितीचा अभ्यास करणारी गणिताची शाखा) लेख आवडला, पण लुडविग सायलो या गणितज्ञाला त्यात एकच ओळ? मी चोपड्याकडचा शाळामास्तर, म्हणून जरा टोचलं. हा माणूस १८५८ ते १८९८, चाळीस वर्षं नॉर्वेतल्या एका गावात शाळेवर होता. प्रसिद्ध प्रमेयं १८७२ ची, म्हणजे नोकरी सांभाळूनच! परवा स्टाफरूममध्ये कळण्याची भाकरी बाजूला सारून पुठ्ठ्याचा चतुष्फलक (चार त्रिकोणी बाजूंचा ठोकळा) फिरवत बसलो. फिरवूनही तो होता तसाच दिसेल अशा रीती १२ (न फिरवणं धरून). सायलो सांगतो, १२ = ४ × ३, म्हणून त्यात ४ चा आणि ३ चा उपगट (ज्यातल्या रीती एकापाठोपाठ केल्या तरी त्याच्या बाहेर जात नाहीत असा छोटा गट) असणारच. होतेच. ६ नेही १२ ला भाग जातो, पण ६ चा मात्र काही केल्या सापडत नाही (नाहीच तो). विद्यापीठात प्राध्यापकी त्याला पासष्टाव्या वर्षी मिळाली. आमची तोवर पेन्शनची फाईलसुद्धा जुनी झालेली असते, भो.