राजासॉरस टी-रेक्सचा भाऊ नव्हे

बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘बालासिनोरजवळ रैयोलीला सापडलेला राजासॉरस हा डायनासोर टी-रेक्सचा सख्खा भाऊ, आणि त्याचा अख्खा सांगाडा मिळालाय.’ दोन्ही चूक.

मिळालं ते कवटीचा मागचा भाग, मणके, कंबरेची आणि मागच्या पायांची काही हाडं. त्यावरून 2003 साली ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हे नाव दिलं गेलं. कपाळावरचं ते एकच बुटकं शिंग कवटीवरूनच कळलं. हात सापडलेलेच नाहीत. चित्रांतले हात नातेवाइकांवरून काढलेले.

आता नातं. राजासॉरस अॅबेलिसॉरिड कुळातला. त्याचं गणगोत मादागास्करचा माजुंगासॉरस आणि अर्जेंटिनाचा कार्नोटॉरस, कारण हे भूभाग एकेकाळी गोंडवन नावाच्या प्राचीन महाखंडात जोडलेले होते. टी-रेक्स उत्तर अमेरिकेतला, वेगळ्याच शाखेचा. खरं तर तो राजासॉरसपेक्षा आपल्या अंगणातल्या चिमणीला जवळचा! राजासॉरस आणि टी-रेक्स दोघंही मांसाहारी, दोन पायांवर चालणारे, काळही साधारण एकच, म्हणून गल्लत होते.

मेसेज पुढे ढकलायचाच असेल तर निदान ‘टी-रेक्स’ खोडून ‘माजुंगासॉरस’ लिहा. आणि ‘सख्खा’ नको, चुलत म्हणा.