एका मिलिमीटरची पांढरी पट्टी

पुस्तिकेचे मुखपृष्ठ कडेपासून कडेपर्यंत निळे असावे, एवढीच माझी अपेक्षा होती. त्याप्रमाणे मी टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत एक निळा आयत आखला. परंतु कागदाच्या उजव्या कडेला मिलिमीटरहून किंचित कमी आणि तळाशी मिलिमीटरहून किंचित जास्त रुंदीची पांढरी पट्टी उरली. प्रथम मी छपाईयंत्राला दोष दिला, मग कागदाला आणि शेवटी चष्म्याला. आयताला दोष देण्याचे धैर्य मात्र मला झाले नाही, कारण ए४ कागद ५९५ बाय ८४२ पॉइंटांचा (पॉइंट म्हणजे छपाईतले एक बारीक माप) असतो, हे मी दुसऱ्या एका प्रणालीत स्वतः वाचले होते आणि तेच आकडे इमानेइतबारे उतरवून घेतले होते.

आकडे खरे होते. पॉइंट निराळा होता. डोनाल्ड कनूथ यांनी टेक रचताना अमेरिकी मुद्रकांचा जुना पॉइंट स्वीकारला, ज्याचे एका इंचात ७२.२७ बसतात, तर पुढे पोस्टस्क्रिप्ट या छापील पानाचे वर्णन करणाऱ्या संगणकभाषेने तो २७ शतांशांचा शेपटा छाटून इंचाचे सरळ ७२ भाग केले. त्यामुळे माझ्या कागदाची उंची टेकच्या हिशेबाने ८४५ पॉइंट भरते आणि मधले तीन पॉइंट माझ्याकडे पांढरे दात काढून पाहत राहतात. युरोपात दीदो नावाचा तिसरा पॉइंट आहे, आणि तो या दोघांहूनही मोठा आहे. त्याच्या वाटेला मी गेलो नाही.

टेकचा स्वभावही समजून घेण्यासारखा आहे. स्वतःच्या हिशेबासाठी ही प्रणाली एका पॉइंटाचे ६५,५३६ तुकडे करते, म्हणजे तिचे सर्वांत लहान माप दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही कितीतरी लहान असते. इतक्या काटेकोर प्रणालीला मी एकदा समासासाठी नुसते १५ लिहून दिले आणि मिलिमीटर लिहायला विसरलो, तेव्हा तिने ‘अवैध एकक’ असा ठपका ठेवला आणि परस्पर पॉइंट घालून मोकळी झाली. दीड सेंटिमीटरचा समास अर्ध्या सेंटिमीटरवर आला. एक्स नावाचे माप तर रोमन लिपीतील छोट्या एक्स या अक्षराच्या उंचीवरून ठरते. देवनागरी मजकुरात ते अक्षर शोधायचे कुठे, हा प्रश्न मी अद्याप कोणाला विचारलेला नाही.

अखेर इंचाला ७२ बसणाऱ्या पॉइंटासाठी टेकमध्येच ‘बिग पॉइंट’ नावाची वेगळी सोय आहे, असे समजले. आयताच्या दोन्ही मापांपुढचे एकक बदलले आणि पट्टी नाहीशी झाली. शीर्षक मात्र मी जुन्या, तोकड्या आयताच्या बरोबर मध्यावर बसवले होते, ते आता सुमारे अर्धा मिलिमीटर वर आणि जवळपास तितकेच डावीकडे पडले आहे. इतर कोणाला ते दिसत नाही. मला दिसते.