ब्रॅनवेलच्या टोपीतली कादंबरी

परवा रात्री अकराला भाचीचा मेसेज, "मावशी हे खरंय ना? असाइनमेंटमधे टाकलंय मी." खाली आमच्याच फॅमिली ग्रुपवर आत्याने टाकलेला फॉरवर्ड, वर तीन लाल दिवे. मजकूर असा की 'वुदरिंग हाइट्स' ही गाजलेली इंग्रजी कादंबरी एमिली ब्रॉन्टेने लिहिलीच नाही, तिच्या भावाने लिहिली, ब्रॅनवेलने. तो वारल्यावर बहिणींनी (शार्लट, एमिली, ॲन) हस्तलिखित लांबवून आपल्या नावाने छापलं. त्या काळी इंग्लंडमधे बायकांना पुस्तक छापायला बंदी होती म्हणून पुरुषांची नावं घेतली. पाद्र्याच्या घरकोंबड्या मुली, त्यांना असलं वादळी प्रेम सुचणार कुठून. आणि शेवटी तिघी गरिबीत, प्रेमभंगाने गेल्या. आत्याला काय बोलणार, पण पोरगी हे मार्कांसाठी लिहून देणार म्हटल्यावर झोपच उडाली माझी.

आधी ती चोरी. कादंबरी बाजारात आली डिसेंबर १८४७ मधे. ब्रॅनवेल गेला २४ सप्टेंबर १८४८ ला. म्हणजे तो मेल्यावर केलेली चोरी तो मरायच्या नऊ महिने आधीच छापून आली होती! फॉरवर्ड लिहिणाऱ्याने दोन तारखा शेजारी ठेवून बघायचेही कष्ट घेतले नाहीत.

बरं, ही पुडी आजची नाहीये. १८६७ मधे, ब्रॅनवेलला जाऊन जवळजवळ एकोणीस वर्षं झाल्यावर, त्याच्या एका मित्राने हॅलिफॅक्सच्या पेपरात लिहिलं की एकदा आम्ही गुत्त्यात बसून कविता वाचणार होतो, ब्रॅनवेलने टोपीत हात घातला (कागद टोपीत ठेवायची सवय होती म्हणे त्याला) आणि कवितेऐवजी चुकून कादंबरीची पानं बाहेर आली, ती त्याने वाचली आणि ती म्हणजे वुदरिंग हाइट्सच होती. हा त्यातला सगळ्यात गाजलेला पुरावा. आणि खरा जरी धरला तरी त्यातून काय सिद्ध होतं? एकाच घरात चार जणं लिहितायत, घाईत भलतेच कागद उचलले गेले, तर ते बहिणीचे असू शकत नाहीत का? आपल्या घरात एकमेकांचे चार्जर जातात तसं.

आता दुसरी बाजू. ब्रॅनवेल गेल्यावर आठवड्याभराने, २ ऑक्टोबर १८४८ ला, शार्लटने प्रकाशनसंस्थेतल्या विल्यम्सना पत्र लिहिलंय. त्यात ती म्हणते की माझ्या भावाला बहिणींनी साहित्यात काय केलं ते कधी कळलंच नाही, आम्ही एक ओळ तरी छापलीय हेही त्याला माहीत नव्हतं. हे लिहिताना ती रडवेली आहे, त्याच्या वाया गेलेल्या बुद्धीबद्दल हळहळतेय. चोर अशी पत्रं लिहीत नसतात. आणि एमिलीच्या लिहायच्या पेटीत नंतर काय सापडलं, तर वुदरिंग हाइट्सच्या पाच परीक्षणांची कात्रणं, जपून ठेवलेली. कोणाच्या पुस्तकाची कात्रणं माणूस जपतो?

एक मान्य करते, नाइलाजाने. ब्रॅनवेल अगदीच ढ नव्हता. भावंडांत छापून पहिला तोच आला, १८४१ मधे पेपरात कविता, बहिणींचा कवितासंग्रह १८४६ चा (त्याच्या पहिल्या वर्षी दोनच प्रती खपल्या, ते असो). १८२६ मधे वडिलांनी लाकडी सैनिक आणले त्यावरून या पोरांनी कल्पनेतली अख्खी राज्यं रचली, त्यात शार्लटइतकाच त्याचाही हात होता. १८४५ मधे स्वतःची कादंबरीही सुरू केली होती. पण त्याआधीच रेल्वे स्टेशनवर कारकून असताना हिशेबात ११ पौंड १ शिलिंग ७ पेन्स कमी भरले म्हणून १८४२ ला नोकरी गेली, मग दारू, अफू, आणि त्या कादंबरीचं पुढे काही झालं नाही.

"घरकोंबड्या" शब्दाने तर माझं डोकंच फिरलं. एमिलीने हॅलिफॅक्सजवळच्या शाळेत नोकरी केली, सकाळी सहा ते रात्री जवळजवळ अकरा, शार्लटने त्याला सरळ गुलामगिरी म्हटलंय. शार्लट स्वतः गव्हर्नेस, म्हणजे श्रीमंतांच्या घरी राहून मुलांना शिकवणारी, वर्षाला २० पौंड, त्यातले ४ धुलाईचे कापून. दोघी १८४२ मधे ब्रसेल्सला शिकायला गेल्या. आणि घरी असतानाही एमिली काय करायची, तर कणीक मळता मळता समोर जर्मन पुस्तक उघडं ठेवून वाचायची, हे गॅस्केलबाईंनी शार्लटच्या १८५७ च्या चरित्रात लिहून ठेवलंय. आत्या, तू पण पोळ्या लाटताना मोबाइलवर कीर्तन लावतेस ना, मग त्याला घरकोंबडेपणा म्हणायचा का?

बंदीचं म्हणाल तर बंदी नव्हती. जेन ऑस्टिनची पहिली कादंबरी १८११ ला "एका स्त्रीकडून" असं छापून उघड विकली गेली. पूर्वग्रह मात्र होता, तेवढं अर्धसत्य आहे. १८३७ मधे राजकवी रॉबर्ट सदीने शार्लटला कळवलं होतं की साहित्य हा बाईच्या आयुष्याचा उद्योग होऊ शकत नाही आणि होऊही नये. म्हणून करर, एलिस, ॲक्टन बेल अशी धड पुरुषाची नाही धड बाईची नाही अशी नावं घेतली. शार्लटच्या 'जेन एअर' कादंबरीवर तर एका समीक्षेत आलं की हे बाईने लिहिलं असेल तर ती आपल्याच बायकांच्या संगतीला कधीच मुकलेली असणार. ही समीक्षा लिहिणारी बाईच होती, बरं का.

उरली गरिबी आणि प्रेमभंग. 'जेन एअर'चे शार्लटला एकूण ५०० पौंड मिळाले, वर गव्हर्नेसचा पगार सांगितलाय, भागाकार तुम्हीच करा. आणि एमिली डिसेंबर १८४८ ला, ॲन मे १८४९ ला क्षयाने गेल्या, शार्लट १८५५ मधे गरोदरपणात, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. त्यांच्या हॉवर्थ गावात मरणाचं सरासरी वय पंचवीसच्या आसपास होतं, १८५० च्या सरकारी पाहणीत आहे. त्या गावात मरायला प्रेमभंग कशाला हवा, तिथलं घाण पाणीच पुरेसं होतं.

तर बाई, तो पॅरेग्राफ काढ. २ ऑक्टोबरचं पत्र कोट कर. सबमिशन शुक्रवारी आहे ना?